बेंचवर कोण बसलंय? अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलकडून शिकूया ‘तयार माणूस’ कसा घ्यायचा



‘एकखांबी तंबू’ या मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता. शब्द वेगवेगळे, दुखणं तेच. “सर, माझ्याकडे एकच माणूस आहे ज्याला सगळं येतं. तो गावाला गेला की माझं अर्धं काम बंद. नवीन पोरगा घेतला तर शिकवण्यात वर्ष जातं. मग बाहेरून तयार माणूस आणू का? आणि आणला तर जुना नाराज होईल त्याचं काय?”

उत्तर देताना मी अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीमचं उदाहरण दोन मिनिटांत उरकलं होतं. ते बऱ्याच जणांना अर्धवट वाटलं, आणि बरोबरच आहे. म्हणून आज इथे निवांत लिहितो. बास्केटबॉल कधी पाहिला नसेल तरी चालेल, लागेल तेवढं मी सांगतो.

काही जण म्हणतील, आयपीएलचं उदाहरण घ्या की. पण आयपीएलमध्ये लिलाव असतो, करार असतो, खेळाडू मधेच उठून जाऊ शकत नाही. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये मात्र दर वर्षी काही पोरं शिक्षण संपवून जातात, काही व्यावसायिक लीगमध्ये जातात आणि काही सरळ दुसऱ्या कॉलेजात जातात. कोचला दर उन्हाळ्यात टीम पुन्हा उभी करावी लागते. आपल्या दुकानासारखंच आहे हे. आपल्याकडे तरी कोण बॉण्ड लिहून देतं?

आधी 200 मिनिटांचा हिशोब

कॉलेजचा सामना 40 मिनिटांचा. 20-20 मिनिटांचे दोन भाग. मैदानावर एका वेळी पाच खेळाडू. म्हणजे कोचला प्रत्येक सामन्यात 40 गुणिले 5, अशी 200 मिनिटं भरायची असतात. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. पण ज्याचे पाच फाउल झाले तो त्या सामन्यातून बाद.

आता विचार करा. तुमचे पाच जण कितीही भारी असोत, पाचही जण 40 मिनिटं पळू शकत नाहीत. कोणी दमतो, कोणाचा पाय मुरगळतो, कोणाचे लवकर चार फाउल होतात आणि त्याला जपून बसवावं लागतं. तेव्हा बेंचवरून जो उठतो त्याने सामना निदान बिघडवू नये, एवढी अपेक्षा असते. याला तिकडे ‘डेप्थ’ म्हणतात. आपण खोली म्हणू.

लक्षात घ्या, खोली म्हणजे माणसांची संख्या नाही. 2025 पर्यंत पुरुषांच्या प्रत्येक टीमला 13 स्कॉलरशिप देता यायच्या. 13 खेळाडू सगळ्यांकडेच होते. पण मोठ्या सामन्यात विश्वासाने मैदानावर पाठवता येतील असे किती? बहुतेक टीममध्ये सात, आठ, फार तर नऊ. बाकीचे रजिस्टरवर.

तुमच्या हजेरीपटावर किती नावं आहेत हा प्रश्न नाही. तुमचा मुख्य माणूस आज आला नाही, तर त्याची 40 मिनिटं कोण भरणार, हा प्रश्न आहे.

ट्रान्सफरचा बाजार कसा उघडला

पूर्वी खेळाडूने कॉलेज बदललं तर नव्या कॉलेजात त्याला एक अख्खं वर्ष बसून काढावं लागायचं. सराव करायचा, पण सामना खेळायचा नाही. त्यामुळे बदली करणारे कमी. कोचही नाइलाजाने बारावी झालेली पोरं घेऊन त्यांना दोन-तीन वर्षं घडवायचे.

मग चित्र बदललं. कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेने ऑक्टोबर 2018 मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू केलं. ही एक ऑनलाइन यादी. खेळाडूने कॉलेजला कळवलं की त्याचं नाव दोन कामकाजाच्या दिवसांत यादीत टाकायचं, आणि मग दुसऱ्या कॉलेजांनी त्याच्याशी बोलायचं. एप्रिल 2021 मध्ये नियम आला, की पहिल्या बदलीला वर्षभर बसायची गरज नाही. त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे कमवायला परवानगी मिळाली. एप्रिल 2024 मध्ये तर अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा बदली करा, लगेच खेळा, अशी मोकळीक आली. आणि जुलै 2025 पासून कॉलेजं स्वतः खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजच्या सगळ्या खेळांना मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर.

परिणाम? वरच्या श्रेणीत पुरुषांच्या साधारण 360 टीम आहेत, आणि दर हंगामानंतर हजाराहून जास्त खेळाडू पोर्टलवर येतात. तयार, अनुभवी, लगेच खेळू शकणारे. कोचसाठी हे नोकरीच्या वेबसाइटसारखंच झालं. मोह किती होत असेल बघा! एवढा तयार माल समोर असताना नवीन पोरगा घडवायचे कष्ट कोण घेणार?

पण हाच मोह काहींना भोवला आणि काहींनी तो आवरला. आता गोष्ट ऐका.

17 मार्च 2023: बुटक्यांनी उंचाला हरवलं

दर मार्चमध्ये 68 टीमची राष्ट्रीय स्पर्धा होते. एक हरलात की घरी. चार विभाग, प्रत्येकात 1 ते 16 अशी मानांकनं. 1985 पासून, म्हणजे ही स्पर्धा 64 टीमची झाल्यापासून, सोळाव्या मानांकनाच्या टीमने पहिल्या मानांकनाला हरवल्याची घटना तोवर एकदाच घडली होती, 2018 मध्ये.

2023 मध्ये परड्यू पहिल्या मानांकनावर. त्यांच्याकडे झॅक ईडी, उंची 7 फूट 4 इंच, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू. समोर न्यू जर्सीचं फेअरली डिकिन्सन. वरच्या श्रेणीतल्या सगळ्या टीममध्ये सरासरी उंचीने सर्वात बुटकी टीम. आदल्या हंगामात त्यांनी 4 सामने जिंकले होते आणि 22 हरले होते.

त्या 4-22 नंतर कॉलेजने नवीन कोच आणला, टोबिन अँडरसन. तो सेंट थॉमस अक्वायनस नावाच्या, एक श्रेणी खालच्या कॉलेजात कोच होता. येताना त्याने तिथले तीन खेळाडू सोबत आणले: डेमेट्रे रॉबर्ट्स, ग्रँट सिंगलटन आणि शॉन मूर. रॉबर्ट्सची उंची 5 फूट 8 इंच. मोठ्या कॉलेजांचं लक्ष खालच्या श्रेणीतल्या अशा खेळाडूंकडे सहसा जात नाही. पण अँडरसनला ते कसे पळतात, दमल्यावर काय करतात, ओरडल्यावर कसे वागतात, सगळं माहीत होतं.

त्या रात्री या बुटक्यांनी पूर्ण मैदानभर परड्यूच्या पाठी लागून त्यांना श्वास घेऊ दिला नाही. ईडीने 21 गुण आणि 15 रिबाउंड घेतले, म्हणजे मुख्य माणसाने त्याचं काम चोख केलं. पण चेंडू पुढे आणणारे परड्यूचे दोन्ही मुख्य गार्ड, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, पहिल्या वर्षाचे. दबावात चेंडू हातातून जायला लागला. लांबून मारलेल्या 26 फेकींपैकी 5 आत गेल्या. फेअरली डिकिन्सन 63, परड्यू 58. शॉन मूरचे 19 गुण.

इथे एक धडा आताच लिहून घ्या. लहान धंद्याने तयार माणूस आणायचा तर तो नावाजलेल्या कंपनीतूनच आणायला हवा असं नाही. एक पायरी खाली बघा. आपल्याहून लहान ठिकाणी चोख काम करणारा, ज्याचं काम तुम्ही स्वतः पाहिलंय, असा माणूस परवडतोही आणि भुकेलाही असतो.

परड्यूने काय केलं, आणि काय नाही केलं

आता स्वतःला परड्यूचा कोच मॅट पेंटर समजा. देशभर हसं झालंय. पोर्टल उघडंय. आपल्यापैकी बहुतेकांनी काय केलं असतं? “सगळे बदला! हे कामाचे नाहीत!” असं म्हणून चार-पाच नवे आणले असते.

पेंटरने गाभा तसाच ठेवला. ईडी परत आला. ज्यांच्यामुळे हरलो असं लोक म्हणत होते ते स्मिथ आणि लॉयरसुद्धा राहिले, आता एक वर्षाने मोठे. आणि पोर्टलवरून मुख्य माणूस आणला फक्त एक: सदर्न इलिनॉय या लहान कॉलेजात चार हंगाम खेळलेला गार्ड लान्स जोन्स. कोविडच्या हंगामामुळे खेळाडूंना एक जादा वर्ष मिळालं होतं, ते जोन्सकडे शिल्लक होतं.

जोन्सच का? हरलेल्या सामन्यातली भोकं आठवा. दबावात चेंडू सांभाळणारा तिसरा हात नव्हता. समोरच्या वेगवान गार्डला रोखणारा माणूस कमी होता. ईडीभोवती गर्दी झाली की बाहेरून बिनधास्त फेकणारा कमी होता. जोन्स पळायला चपळ, बचावात चिकट, आणि फेकायला न घाबरणारा. थोडक्यात, भोक आधी मोजलं आणि मग त्या मापाचं बूच आणलं.

निकाल बघा. 2023-24 हंगामात परड्यूने 34 सामने जिंकले, 5 हरले. 1980 नंतर पहिल्यांदा शेवटच्या चारांत, आणि 1969 नंतर पहिल्यांदा अंतिम सामन्यात. जोन्स सुरुवातीच्या पाचांत खेळला आणि सामन्यामागे सरासरी साधारण 12 गुण देऊन गेला. टीमचा हिरो ईडीच होता, जोन्स नाही. आणि त्याची अपेक्षाही नव्हती.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, “सर, चूक करणाऱ्याला काढायचं की ठेवायचं?” स्मिथकडे बघा. ज्या पोराच्या हातून त्या रात्री चेंडू सुटत होता, तोच पुढच्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत टीम चालवत होता. अनुभव नसल्यामुळे झालेली चूक आणि नियत नसल्यामुळे झालेली चूक यात फरक करा. पहिलीला एक वर्ष द्या आणि शेजारी एक जाणता माणूस द्या.

मग अंतिम सामन्यात काय झालं?

8 एप्रिल 2024, समोर कनेक्टिकट, ज्यांना सगळे यूकॉन म्हणतात. यूकॉन 75, परड्यू 60. ईडीने एकट्याने 37 गुण केले. बाकी सगळ्यांचे मिळून 23. यूकॉनने ईडीला बऱ्यापैकी मोकळं सोडलं आणि बाकीच्यांना आवळलं. परड्यूला लांबून जेमतेम सात फेकी मिळाल्या, आत गेली एक. म्हणजे एका भोकाला बूच लावलं तरी तंबू बराचसा एकाच खांबावर होता.

यूकॉनकडे त्या रात्री चार जणांनी दहाच्या वर गुण केले. आणि ही टीम कशी बनली होती ते बघा. ट्रिस्टन न्यूटन 2022 मध्ये ईस्ट कॅरोलिनाहून ट्रान्सफर. कॅम स्पेन्सर 2023 मध्ये रटगर्सहून ट्रान्सफर. अ‍ॅलेक्स काराबान आणि डॉनोवन क्लिंगन यूकॉनमध्येच घडलेले, दुसऱ्या वर्षाचे. स्टीफन कॅसल पहिल्या वर्षाचा. दोन बाहेरून आलेले जाणते, दोन घरचे, एक नवा. आणि बेंचवरून उठणारा हसन डियारा, 2022 मध्ये टेक्सास ए अँड एमहून आलेला, त्या वर्षी आपल्या लीगचा सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरला.

कोच डॅन हर्लीने एका वर्षात सगळी टीम बाजारातून उचलली नाही. 2023 चं विजेतेपद जिंकलं तेव्हा न्यूटन पहिल्या वर्षी घर समजून घेत होता. 2024 च्या शेवटच्या टप्प्यातला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. बाहेरून आणलेल्या माणसाचं खरं फळ दुसऱ्या वर्षी मिळालं. आपण मात्र तीन महिन्यांत म्हणतो, “एवढा पगार देऊन काय उपयोग?”

कॅन्ससची दोन वर्षं, आणि माझी एक चूक

आता उलटी बाजू. कॅन्सस म्हणजे कॉलेज बास्केटबॉलमधलं मोठं घराणं. 2023 च्या उन्हाळ्यात त्यांनी पोर्टलवरचं सगळ्यात गाजलेलं नाव आणलं, मिशिगनचा हंटर डिकिन्सन. हंगामाआधीच्या क्रमवारीत पहिला नंबर. पण बेंच पातळ. मुख्य चार-पाच जणांवर सगळा भार. मार्चमध्ये केव्हिन मॅक्युलर गुडघ्यामुळे बाहेर, आणि दुसऱ्या फेरीत गोंझागाने 89-68 असं हरवलं. मध्यंतरापर्यंत सामना अटीतटीचा होता. उत्तरार्धात दमछाक दिसली.

पुढच्या उन्हाळ्यात कॅन्ससने धडा घेतला की बेंच हवा. मग पोर्टलवरून एकदम मूठभर खेळाडू आणले. पुन्हा हंगामाआधी पहिला नंबर. आणि मार्च 2025 मध्ये पहिल्याच फेरीत आर्कन्सॉकडून 79-72 ने पराभव. त्या मुठीतला ए. जे. स्टॉर हा विस्कॉन्सिनमध्ये सामन्यामागे 16 च्या वर गुण करत होता. कॅन्ससमध्ये ते 6 च्या आसपास आले. पोरगा एका वर्षात खेळ विसरला का? नाही. विस्कॉन्सिनमध्ये तो मुख्य माणूस होता, चेंडू त्याच्यासाठी फिरायचा. इथे तो अनेकांतला एक. मिनिटं कमी, काम वेगळं.

हे वाचताना मला माझाच प्रेस आठवतो. ट्रेनर व्हायच्या आधी माझं छोटं ऑफसेट प्रिंटिंगचं युनिट होतं. एक मशीन, एक जुना मशिनमन, दोन पोरं. एका लग्नसराईत काम इतकं आलं की मी एका मोठ्या प्रेसमधून नावाजलेला मशिनमन आणला, जुन्याच्या दीडपट पगारावर. तो तिथे चार रंगी मशीनवर काम करायचा, हाताखाली दोन हेल्पर. माझ्याकडे एक रंगी मशीन, रोलर स्वतः धुवायचे, कागद स्वतः मोजायचा. महिनाभरात तो कंटाळला. आणि माझ्या जुन्या माणसाला त्याचा पगार माझ्याकडून नाही, चहाच्या टपरीवर कळला. तो मला एक शब्द बोलला नाही. 10 तारखेला पगार घेतला आणि 11 ला आलाच नाही. पुढच्या दोन महिन्यांत नवाही गेला. ऐन सीझनमध्ये मी पत्रिका बाहेरून छापून घेतल्या, पदरचे पैसे घालून.

माझी चूक माणूस निवडण्यात नव्हती. माझ्याकडे नेमकं कोणतं काम अडलंय हे मी लिहूनच काढलं नव्हतं. अडलं होतं कटिंग आणि बाइंडिंगला, मशीनला नाही! एक चांगला कटर माणूस आणला असता तर जुना मशिनमन आजही माझ्याबरोबर असता.

फ्लोरिडाचा रस्ता: वर्षाला एक खांब

मग ट्रान्सफरवर टीम बनतच नाही का? बनते. 2025 चा विजेता फ्लोरिडा बघा. अंतिम सामन्यात 12 गुणांनी मागे पडूनही त्यांनी ह्युस्टनला 65-63 ने हरवलं. तीन मुख्य गार्ड, तिघेही ट्रान्सफर. विल रिचर्ड बेलमॉन्टहून 2022 मध्ये, वॉल्टर क्लेटन ज्युनियर आयोनाहून 2023 मध्ये, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून 2024 मध्ये.

दोन गोष्टी टिपा. एक, तिघेही लहान लीगमधल्या कॉलेजांतून आले, तिथे जबाबदारी पेलून आले. दोन, हे तिघे एका वर्षात आले नाहीत. मार्टिन आला तेव्हा त्याला घर दाखवायला रिचर्ड आणि क्लेटन होते. नव्याला सांभाळायला जुना हवा, आणि जुना कालचा नवा असेल तर आणखी बरं. त्याला आठवत असतं की पहिल्या महिन्यात काय अडतं.

पण आपण परड्यू आहोत की सदर्न इलिनॉय?

इथे थोडं कडू बोलतो. हे वाचणारे आपण बहुतेक जण परड्यू नाही. आपण सदर्न इलिनॉय आहोत. आपण पोरगा घडवतो आणि तो तयार झाला की मोठा त्याला घेऊन जातो. फेअरली डिकिन्सनचंच बघा. त्या ऐतिहासिक विजयानंतर काही दिवसांत कोच अँडरसन आयोना कॉलेजात गेला. आणि त्याच वसंतात आयोनाचा क्लेटन फ्लोरिडाला निघून गेला! वरचा खालच्याकडून घेतो, ही साखळी थांबत नाही.

मग रडत बसायचं? तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, जाणाऱ्याला अपमान करून पाठवू नका. सदर्न इलिनॉयला जोन्सची चार वर्षं मिळाली, ती कमी नाहीत. “इथे काम शिकलेला माणूस पुढे जातो” हे नाव झालं की चांगली पोरं तुमच्याकडे आपणहून येतात.

दुसरी, तो जायच्या आधी दुसरा उभा करा. राजीनामा हातात पडल्यावर शोध सुरू केला तर तुम्ही घाईत महाग माणूस घेणार.

तिसरी, दुसऱ्याचा माणूस आणताना सरळ मार्गाने आणा. एनसीएएचा नियम आहे की खेळाडूचं नाव पोर्टलवर यायच्या आधी दुसऱ्या कोचने त्याच्याशी संपर्क करायचा नाही. आपल्याकडे असा नियम नाही, पण रीत आहे. त्याला नोटीस पूर्ण करू द्या, जुन्या मालकाचा हिशोब मिटवू द्या, आणि “येताना गिऱ्हाइकांची यादी आण” असं चुकूनही म्हणू नका. जो तिथली यादी तुमच्याकडे आणतो, तो उद्या तुमची यादी दुसरीकडे नेणार.

गृहपाठ: तुमच्या 200 मिनिटांचा तक्ता

एक वही घ्या. मोबाइल नको, वहीच घ्या.

1. कामं लिहा, माणसं नाही. दिवसभरातली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट: दुकान उघडणं, बिलिंग, खरेदीची ऑर्डर, मशीन, डिलिव्हरी, उधारी वसुली, जीएसटीची कागदं.

2. प्रत्येक कामापुढे दोन नावं लिहा. आज करतो तो, आणि तो नसेल तर करू शकेल तो. जिथे दुसरं नाव नाही तिथे लाल गोल करा. आणि सगळीकडे दुसरं नाव तुमचंच येत असेल, तर मालकसाहेब, तुम्ही सुट्टी घेऊ शकत नाही हे मान्य करा.

3. लाल गोलांतला सगळ्यात महाग कोणता? म्हणजे जो तीन दिवस बंद पडला तर सगळ्यात जास्त नुकसान. तो एकच निवडा. परड्यूने एकच भोक निवडलं होतं.

4. ते भोक घरातला कोणी भरेल का, सहा महिन्यांत? भरेल तर त्याला शिकवा. तुमचा स्मिथ तोच असेल. नाही भरणार, तरच बाहेर बघा. बाहेर बघताना आधी एक पायरी खाली बघा.

5. नव्याशी बोलायच्या आधी जुन्याशी बोला. “अमुक काम अडतंय, त्यासाठी माणूस आणतोय, तुझी जागा ही आहे, तुझा पगार हा आहे.” हे तुमच्या तोंडून कळू द्या, टपरीवर नको.

6. नव्याला पहिल्या दिवशी त्याची मिनिटं सांगा. तो मुख्य आहे की राखीव, हेल्पर मिळेल की नाही, मशीन कोणतं, हिशोब कोणाला द्यायचा. गुळमुळीत ठेवलंत की त्याचा स्टॉर होतो.

7. एका वर्षाचा धीर धरा. तीन महिन्यांनी वागणूक तपासा, बारा महिन्यांनी निकाल तपासा. न्यूटनला दुसरं वर्ष मिळालं म्हणून तो न्यूटन झाला.

शेवटचं सांगतो. ईडीने अंतिम सामन्यात 37 गुण केले तरी टीम हरली, हे ज्या दिवशी मी वाचलं त्या दिवशी मला माझ्या जुन्या मशिनमनचा चेहरा आठवला. तोही माझा ईडी होता. रात्री दोन-दोनपर्यंत एकट्याने मशीन चालवायचा, आणि मी खूश होतो की माणूस किती कष्टाळू आहे. त्याच्या बाजूला कोण बसलंय, हे मी कधी पाहिलंच नाही. तुम्ही आज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी पाहा.

वहीतल्या तक्त्यात किती लाल गोल आले तो आकडा खाली कॉमेंटमध्ये लिहा. माणसाचं नाव लिहू नका, फक्त काम लिहा. ज्या कामाचे गोल सगळ्यात जास्त येतील, पुढचा व्हिडिओ त्याच्यावर.

भेटूया. तोपर्यंत धंदा जपा, आणि धंदा जपणाऱ्या माणसांनाही जपा!